पंचाहत्तरीचं जेवण आणि बिलातली ती ओळ

आमचं घर जबलपूरच्या सराफ्यात. खाली दागिन्यांची दुकानं, वर आम्ही. इथलं गिऱ्हाईक कसं वागतं ते लग्न होऊन आल्यापासून पाहते आहे. साधी अंगठी घ्यायची असली तरी बाई आधी आजचा भाव विचारते, काटा शून्यावर आहे ना ते बघते, घडणावळ बोलून घेते. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी एचयूआयडी लागतो, म्हणून भिंग मागून तोही वाचते. सराफाला यात काही वावगं वाटत नाही. हीच बाई मंद दिव्यांच्या, कापडी नॅपकिनांच्या रेस्टॉरंटात शिरली की गप्प होते. तिथे भाव विचारणं तिला गावंढळपणाचं वाटतं. महागड्या जागांचा बराचसा धंदा या संकोचावर चालतो, असं माझं स्वच्छ मत आहे.

सासूबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. घरीच पुरणपोळी आणि कमानिया गेटजवळून आणलेली खोव्याची जलेबी, एवढ्यात त्या खूश झाल्या असत्या. पण मुलांनी ठरवलं, आजीला ‘चांगल्या’ ठिकाणी न्यायचं. त्या ठिकाणाचं नाव घेत नाही. अशी ठिकाणं प्रत्येक शहरात आहेत. मी फोनवर सगळं सांगितलं होतं: माणसं किती, वेळ आठची, आईंचा चातुर्मास आहे, त्यांच्या ताटात कांदा-लसूण नको. “जी मॅडम, नोट कर लिया.”

आठला पोचलो तर टेबल तयार नव्हतं. दाराजवळच्या सोफ्यावर आई पर्स मांडीवर धरून बसल्या, आणि आमच्यानंतर आलेली दोन टोळकी आत गेली. बसायला मिळालं तेव्हा कुणी काही म्हणायच्या आत पाण्याच्या बाटल्यांची झाकणं फुटली होती. भाज्या आधी आल्या, सूप मागून आलं. आईंच्या पनीरवर लसूण अख्खा दिसत होता. वाढणाऱ्या पोराचा चेहरा उतरला, त्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर “शेफ से बात करता हूँ” म्हणून गेले ते थेट बिलाच्या वेळी उगवले. आईंनी दहीभात खाल्ला आणि “मला तशी भूक नव्हतीच” म्हणाल्या. दुसऱ्यांचा विरस होऊ नये म्हणून त्या नेहमी हेच म्हणतात. त्या दिवशी वाढदिवस त्यांचाच होता.

बिलात पदार्थ, पाणी, मग ‘स्टाफ काँट्रिब्युशन’ दहा टक्के आणि या सगळ्याच्या बेरजेवर जीएसटी. ती ओळ काढा म्हटलं, तर उत्तर आलं, “सिस्टम से आता है, मॅडम.” शेजारून आमच्या ह्यांचं “जाऊ दे ना” सुरू झालं होतं.

जाऊ द्यायचं नाही, ते यासाठी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ला मार्गदर्शक तत्त्वं काढली. सेवाशुल्क आपोआप बिलात घालायचं नाही, दुसऱ्या नावानंही घ्यायचं नाही, आणि ते जेवणात मिळवून त्यावर जीएसटी लावायचा नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, स्थगिती मिळाली. पण २८ मार्च २०२५ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठानं त्यांच्या याचिका फेटाळल्या. मॅनेजरना मी एवढंच म्हटलं की तुमचं हे म्हणणं बिलाच्या मागे लिहून सही करून द्या, मी १९१५वर कळवते. पाच मिनिटांत सिस्टममधून नवं बिल निघालं.

१९१५ म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. हा क्रमांक फोनमध्ये असू द्या. जीएसटीकडेही एकदा बघा: स्वतंत्र रेस्टॉरंटात तो ५ टक्के असतो, ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटात १८.

पाण्याबाबत मात्र भांडण्यात अर्थ नाही. बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घ्यायची मुभा हॉटेल-रेस्टॉरंटांना सर्वोच्च न्यायालयानं १२ डिसेंबर २०१७च्या निकालात दिली आहे. म्हणून बोलायचं ते झाकण उघडण्याआधी: “भैया, सादा पानी लाइए.” आवाज चढवायची गरज नाही, कुजबुजायचीही नाही.

लसणाचं दुखणं बिलातून वजा होत नाही. फोनवर सांगितलेलं सिद्ध कसं करणार? पथ्य असो, उपास असो, शेंगदाण्याची ॲलर्जी असो, व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि त्यांचं ‘ओके’ येऊ द्या. टेबलाची वेळही त्यातच. चुकीचं ताट आलं तर खाऊन संपवून तक्रार करू नका. आधी फोटो, मग ताट परत. बिल जपून ठेवा, त्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक असायलाच हवा. प्रकरण खरंच गंभीर असेल, कुणी आजारी पडलं असेल, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, तेही आपण राहतो त्या जिल्ह्यात. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

सूप मागून आलं म्हणून मात्र आयोगाची पायरी चढू नये. गर्दीच्या रात्री स्वयंपाकघर कोलमडतं, हे घरी पन्नास पानं वाढलेल्या कुठल्याही बाईला कळतं. माझा राग उशिरावर नव्हता. चूक कळल्यावर मॅनेजर दिसेनासे झाले, त्यावर होता.

आणि तो पोरगा? ‘स्टाफ’च्या नावाची ती रक्कम त्याच्यापर्यंत पोचते का, हे मी त्यालाच विचारलं. तो नुसता हसला. आईंनी पर्स उघडली आणि शंभराची नोट त्याच्या हातात ठेवली.