दुसऱ्याच्या चाकोरीत

एक अष्टमांश मोठा की एक दशांश? चौथीतलं पोरसुद्धा सांगेल, छेद लहान तो अपूर्णांक मोठा. इंजिनिअरिंगची पदवी खिशात असून मला ते उमगायला मात्र बेंगळुरूतल्या एका पोराचा पाय प्लास्टरमध्ये जावा लागला. तेव्हापासून रिमोटच्या गाड्यांच्या नादात नवा कुणी भेटला की त्याला ही हकिकत सांगतो. आता लिहूनच काढतो.

मी मूळचा साताऱ्याकडचा. नोकरीनिमित्त बेंगळुरूत येऊन बारा वर्षं झाली. रिमोटच्या गाड्यांचा नाद चाळिशीत लागला. सुरुवात लेकासाठी आणलेल्या गाडीने झाली. लेक दोन महिन्यांत क्रिकेटकडे वळला आणि गाडी माझ्याकडे राहिली. मग शनिवारच्या एस. पी. रोडच्या फेऱ्या सुरू झाल्या. कनेक्टर, बेअरिंग, जाड सिलिकॉन वायर असलं सामान त्या अरुंद गल्ल्यांत हुडकत फिरण्यात जी मजा आहे ती घरपोच पार्सलात नाही.

या गाड्या खऱ्या गाडीच्या कितव्या हिश्श्याच्या, यावरून ओळखल्या जातात. जपानच्या तामिया कंपनीने 1976 मध्ये आपली पहिली रिमोट गाडी काढली ती पोर्शे 934, एक बारांशाची. क्योशोची मिनी-झेड 1999 मध्ये आली, ती एक अठ्ठाविसांशाची, तळहातावर मावेल एवढी. ट्रॅकही याच मापाने आखतात. मिनी-झेड दिवाणखान्याएवढ्या जागेत फोमच्या फरश्या जोडून पळते. एक दशांशवाल्यांना गालिचा घातलेला हॉल किंवा छोटं मातीचं मैदान पुरतं. एक अष्टमांशाच्या बग्गीला मात्र ऐसपैस मैदान लागतं.

माझी पहिली गाडी एक दशांशाची होती. वर्षभर सर्जापूर रस्त्याकडच्या एका छोट्या ट्रॅकवर ती चालवली. भाड्याची मोकळी जागा, तांबडी माती, काळे पाइप उभे चिरून केलेले काठ, आणि पत्र्याच्या शेडखाली एक टेबल. मग हुरूप वाढला आणि मी एक अष्टमांशाची, चार सेलच्या बॅटरीची बग्गी घेतली. ती पळवायला मोठं मैदान कुठे मिळेल, हा विचार गाडी घरात आल्यावर सुचला.

ऑक्टोबरातला शनिवार होता. सकाळी पाऊस पडून गेला होता, वरची माती सुकली होती. ट्रॅक सांभाळणाऱ्याने माझ्या हातातली गाडी पाहिली आणि मान हलवली. "सर, इथे फक्त टेन्थ स्केल." मला बारा वर्षांत कानडीची जी दोनचार वाक्यं आली, त्यातलं सगळ्यात उपयोगी वाक्य मी काढलं, "ओंदे राउंड, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." एकच फेरी, जरा सांभाळून घ्या. या शहरात बसमधल्या सीटपासून पार्किंगपर्यंत सगळं या वाक्यावर चालतं. तो बिचारा हसला आणि बाजूला झाला.

पहिली फेरी जपून घेतली. दुसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर बोट दाबलं गेलं. पट्टा असेल पंचवीस मीटरचा, त्याच्या टोकाला घोड्याच्या नालासारखं वळण. ब्रेक मारला, चाकं अडकली आणि गाडी धुळीवरून तशीच सरकत गेली. पाइपचा काठ तिने ओलांडला की फोडला ते मला दिसलंच नाही. काठापलीकडे मार्शलचं काम करणारा कॉलेजातला एक मुलगा उलटलेली छोटी गाडी सरळ करायला वाकला होता. आवाज आधी आला, मग तो खाली बसला. मी धावत गेलो तर घोटा धरून तो मलाच म्हणतो, "परवागिल्ला अण्णा." काही हरकत नाही, दादा. तोवर घोटा लिंबाएवढा सुजला होता. हाडाला चीर होती, तीन आठवडे प्लास्टर. त्याच्या हातातल्या छोट्या गाडीचा पार चेंदामेंदा झाला होता. ती दुसऱ्याच एका पोराची होती.

त्या रात्री झोप आली नाही म्हणून कागद घेऊन बसलो. गाडी आणण्याआधी करायचं गणित तेव्हा केलं.

नियमाप्रमाणे एक दशांशाची बग्गी जास्तीत जास्त 25 सेंटीमीटर रुंद असते, एक अष्टमांशाची 31. फरक सहा सेंटीमीटरचा, चार बोटांहून कमी. डोळा एवढाच फरक मोजतो आणि म्हणतो, मावेल की! पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही सव्वापट झाल्या की आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. वजन त्याहून वाढतं, कारण मोठ्या गाडीत धातूचे भाग जास्त आणि बॅटरी जड. माझी जुनी गाडी दीड किलोची, नवी साडेतीन किलोची.

जुनी पूर्ण वेगात ताशी 40 किलोमीटर गाठायची, नवी 60. टक्करीत मोजायचा जोर वजनाच्या पटीत वाढतो आणि वेगाच्या वर्गात. हिशेब मांडला तर नवीचा जोर जुनीच्या पाचपटीहून जास्त भरला. दहा किलो तांदळाची गोणी पाच मीटरवरून, म्हणजे पहिल्या मजल्याच्या खिडकीतून सोडली, तर ती जेवढ्या जोराने आदळेल तेवढा. जुन्या गाडीच्या हिशेबाने तीच गोणी कमरेएवढ्या उंचीवरून पडते. तो मुलगा वर्षभर कमरेएवढ्या उंचीच्या गोणीसमोर उभा राहत होता. त्या दिवशी मी त्याला न सांगता खिडकीत चढलो होतो.

थांबण्याचं अंतरही तसंच. सुट्या मातीवर टायरची पकड निम्मी धरली, तर ताशी 40 वरून थांबायला साडेबारा मीटर लागतात, 60 वरून 28. आणि अख्खा पट्टा पंचवीसचा! म्हणजे मी ब्रेक लवकर मारला की उशिरा, हा प्रश्नच उरत नव्हता. उंचवट्यांचंही तेच. वेग दीडपट झाला की उडी सव्वादोनपट लांब जाते. गाडी उतरावर अलगद टेकण्याऐवजी पुढच्या सपाट जमिनीवर आपटते आणि तिचे हातपाय मोडतात.

आणखी एक नुकसान मी दुसऱ्या दिवशी, उजेडात पाहिलं. दोन फेऱ्यांत माझ्या गाडीच्या जाड दातांच्या टायरांनी वळणावर वीतभर लांबीच्या खाचा पाडल्या होत्या. एका उंचवट्याचा ओठ तुटला होता. पाणी मारून, माती भरून, धुमसाने चोपून ते वळण पूर्ववत करायला मला आणि ट्रॅकवाल्याला अर्धा दिवस लागला. तेवढा वेळ रविवारी आलेली पोरं शेडखाली गाड्या मांडीवर घेऊन बसून होती.

म्हणून माझं सांगणं असं. ट्रॅकवर जाण्याआधी फोन करा आणि "गाडी आणू का?" एवढंच विचारू नका. स्केल सांगा, वजन सांगा, किती सेलची बॅटरी ते सांगा. समोरचा "आणा, बघू" म्हणाला तर तो नकार समजा. भिडेखातर मिळालेली परवानगी घोट्याचं रक्षण करत नाही. अमेरिकेत 1967 पासून आरओएआर ही संस्था या शर्यतींचे नियम ठरवते आणि स्केलप्रमाणे वर्ग वेगळे ठेवते. ते काही हौसेपोटी नाही.

छोट्या जागेत मोठी गाडी चालवणं भागच असेल, तर एकट्याने चालवा. ट्रॅकवर दुसरी गाडी नको, काठाच्या आत माणूस नको. गाडी उलटली तर रिमोट खाली ठेवून स्वतः चालत जा. चार सेलऐवजी तीन सेलची बॅटरी लावली की वेग पाऊण होतो, माझ्या गाडीचा 60 चा 45. पिनियन, म्हणजे मोटरवरचं दातेरी चाक, लहान बसवलं की आणखी उतरतो. बहुतेक रिमोटांत थ्रॉटलची मर्यादा ठरवता येते. ती निम्म्यावर आणा. आपलं बोट आवरेल या भरवशावर राहू नका. माझं आवरलं नाही.

फेलसेफ, म्हणजे रिमोटचा संपर्क तुटला की गाडी आपोआप थांबवणारी सोय, तपासल्याशिवाय कुठलीच गाडी जमिनीवर ठेवू नका. चाकं अधांतरी धरा, हलका थ्रॉटल द्या आणि रिमोट बंद करा. चाकं थांबली पाहिजेत. फिरत राहिली तर गाडी परत पिशवीत. चालू करताना रिमोट आधी, बंद करताना रिमोट शेवटी.

छोट्या ट्रॅकवर मोठ्या गाडीची मोटर लवकर तापते, कारण दर दोन सेकंदांनी थांबायचं आणि पुन्हा उसळायचं. पाच मिनिटांनी थांबून मोटर तपासा. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर तो दिवस संपला म्हणायचं. टक्कर झाल्यावर लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी बाहेर काढून नीट बघा. फुगली असेल, कोपरा चेपला असेल, तर ती पुन्हा चार्जरला लावू नका. घराबाहेर, वाळूच्या बादलीत ठेवा.

माझे आजोबा सांगायचे, गावच्या जुन्या वाटेवर गाड्यांच्या चाकांनी चाकोऱ्या पडलेल्या असत. ज्या गाडीच्या दोन चाकांतलं अंतर त्या चाकोरीचं, तिलाच ती वाट धार्जिणी. रुंद आसाची गाडी त्यात घातली तर एक चाक खड्ड्यात, एक धसावर, आणि बैलांचे खांदे सोलून निघत. ट्रॅक म्हणजे तरी काय, कुणीतरी आपल्या गाडीसाठी पाडलेली चाकोरीच. पाइपची उंची, वळणाचा घेर, मार्शलने उभं राहायची जागा, प्रत्येक गोष्टीत त्या गाडीचं वजन आणि वेग धरलेला असतो. तो हिशेब फळ्यावर लिहिलेला नसतो, एवढंच.

माझी बग्गी आता महिन्यातून एकदा, पहाटे, शहराबाहेरच्या मोठ्या मैदानावर पळते. मोडलेली गाडी मी भरून दिली, प्लास्टरचा खर्चही दिला. सर्जापूरकडच्या त्या ट्रॅकवर जुनी दीड किलोची गाडी घेऊन अजून जातो. तिथल्या फाटकाला मी एक वजनकाटा टांगून दिलाय, विमानप्रवासाच्या बॅगा तोलायचा असतो तो. दोन किलोवरची गाडी आत जात नाही. काटा बघायचं काम त्या मुलानेच मागून घेतलं. मला तो चांगला ओळखतो, माझी गाडीही ओळखतो. तरी दर शनिवारी ती माझ्या हातातून घेतो, आकड्याला अडकवतो, आकडा स्थिर होईपर्यंत थांबतो आणि मगच म्हणतो, "परवागिल्ला अण्णा."