न आठवणारा रस्ता

गेल्या वर्षी दीक्षाभूमीला अभिवादन करून आम्ही सहकुटुंब समृद्धी महामार्गाने नागपूरहून जालन्याकडे परतत होतो. दुपारची वेळ, लख्ख ऊन आणि मोकळा रस्ता. मागे बसलेल्या मुलीने विचारले, "बाबा, मेहकर गेलं का?" आम्हांस उत्तर देता येईना. वाशीम जिल्ह्यातील मालेगावचा फलक आठवत होता. त्यापुढचे काहीच आठवत नव्हते. गाडी मात्र आपल्याच मार्गिकेत सुरळीत धावत होती. आम्ही झोपलो नव्हतो, डोळेही उघडे होते. मग इतका वेळ गाडी कोण चालवत होते?

या अवस्थेला 'महामार्ग-संमोहन' असे म्हणतात. उघड्या डोळ्यांनी झोपण्याविषयी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉल्टर माइल्स यांनी १९२९ मध्येच लिहिले होते, जी. डब्ल्यू. विल्यम्स यांनी १९६३ मध्ये महामार्गावरील या अवस्थेला वरील नाव दिले.

याचे कारण आपल्या सवयीत आहे. नवशिक्या चालकाला क्लच, गिअर, आरसा या प्रत्येकाकडे लक्ष द्यावे लागते. सरावानंतर हात-पाय ती कामे आपोआप करतात आणि मन मोकळे होते. सरळ, एकसुरी रस्त्यावर मनाला गुंतवील असे काही नसते. ते घरच्या चिंतांत शिरते. पाहिलेले स्मृतीत उमटत नाही. नेहमीचे सारे सवय सांभाळून घेते. परंतु बंद पडलेला ट्रक किंवा अचानक आडवे आलेले जनावर तिला सांभाळता येत नाही. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ३३ मीटर जाते. भानावर येण्यास तीन सेकंद लागले, तर तेवढ्यात शंभर मीटर रस्ता मागे पडलेला असतो.

या अवस्थेत थकव्याची भर पडली की क्षणिक डुलकी लागते, आणि ती लागल्याचे चालकाला अनेकदा कळतही नाही. म्हणून 'मागचा रस्ता आठवत नाही' हीच थांबण्याची सूचना मानावी. आम्ही पुढच्याच पेट्रोलपंपावर थांबलो. खिडकी उघडणे, गाणी लावणे हे उपाय फार काळ टिकत नाहीत. दर दोन तासांनी उतरून चालावे. झोप येत असल्यास सुरक्षित जागी वीस मिनिटे झोपावे. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत वाहन चालवणे टाळावे. शेजारी बसणाऱ्याने जागे राहून बोलत राहावे.

भाड्याच्या गाडीने जाताना चालकाच्या विश्रांतीची जबाबदारी आपलीही असते. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कारखान्यांतील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले. पुढे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकांसाठीही दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांतीही सांगितली. तरीही आपण दिवसभर राबलेल्या चालकाला, "रात्रीतून पोहोचव," असे सहज सांगतो.

धम्मात चालताना चालण्याचे भान ठेवण्यास 'सती' म्हटले आहे. तेच भान गाडी चालवतानाही हवे. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज स्वतः वाहन चालवतात, काहींचा तर तो व्यवसायच आहे. त्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे : येत्या अशोक विजयादशमीला नागपूरला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला निघताना एक दिवस अधिक हाताशी ठेवा, आणि चालकाच्या जेवणाची व झोपेची सोय आधी करा.