ओळखा पाहू, हा पिस्टन कोणाचा?

समजा, राधानगरीतल्या एखाद्या गॅरेजच्या कोपऱ्यात तुम्हाला एक जुना पिस्टन सापडला. गाडी नाही, कागद नाही. तो कोणत्या इंजिनाचा हे कसे ओळखाल? अंदाजाने बसवून चालणार नाही. पिस्टन सैल झाला, तर दाजीपूरच्या चढावर, भर पावसात गाडी धूर सोडत उभी राहील!

शाळेतला व्हर्नियर कॅलिपर घ्या. पिस्टन अगदी गोल नसतो आणि वरचा भाग अधिक तापून फुगतो म्हणून तो मुद्दाम थोडा लहान ठेवतात. तेव्हा माप खालच्या भागावर, पिनेच्या भोकाशी काटकोन करून घ्या.

आपल्याकडच्या तीन जुन्या, चार सिलिंडरच्या इंजिनांची मापे पाहा. फियाट ११००चा सिलिंडर ६८ मि.मी. व्यासाचा. अँबॅसडरच्या १४८९ घन सें.मी. इंजिनाचा ७३.० मि.मी. आणि विलिस जीपचा ७९.४ मि.मी.

समजा, तुमचे माप ७९.८ मि.मी. आले. हे तर तिन्हींत बसत नाही! घाई करू नका. पिस्टनचा माथा घासून पाहा. तिथे '०२०' असा आकडा दिसला, तर कोडे सुटले. झिजलेला सिलिंडर कातून मोठा करतात आणि त्यात मोठा पिस्टन बसवतात. ०२० म्हणजे ०.०२० इंच, सुमारे ०.५ मि.मी. जास्त. ७९.४ अधिक ०.५ म्हणजे ७९.९, त्यातून सरकण्यापुरती फट वजा करा. पिस्टन जीपचा!

आता धाव, म्हणजे पिस्टन वरून खाली किती जातो ते अंतर. क्रँकशाफ्टचा मध्य आणि क्रँकपिनचा मध्य यांतील अंतर मोजून दुप्पट करा. जीपमध्ये ते १११.१ मि.मी. येते. मग इंजिनाचे घनफळ :

०.७८५४ × ७.९४ × ७.९४ × ११.११ × ४ = सुमारे २,२०० घन सें.मी.

पण एक प्रश्न उरतोच. जीपची 'गो-डेव्हिल' आणि 'हरिकेन' ही दोन्ही इंजिने याच व्यासाची व याच धावेची! इथे व्हर्नियर थकतो, डोळे कामाला येतात. गो-डेव्हिलच्या दोन्ही झडपा ब्लॉकमध्ये असतात. हरिकेनची आत येणाऱ्या मिश्रणाची झडप वर, हेडमध्ये असते. म्हणूनच ते इंजिन उंच झाले आणि त्या जीपचे बॉनेटही उंच करावे लागले.

तात्पर्य, एक माप पुष्कळ शक्यता खोडते, पण निकाल देण्यापूर्वी दुसरा पुरावा शोधावा.

आता तुम्ही सांगा : क्रँकपिनचा मध्य ३७.५ मि.मी. दूर आहे आणि सिलिंडर ६८ मि.मी.चा आहे. इंजिन कोणते आणि त्याचे घनफळ किती?