गाणं आपलं, मग पैसे आपणच का भरायचे?



या महिन्याचा पाठ गाण्याबद्दल आहे. "गाण्याचा आणि बचत गटाचा काय संबंध?" असं काहीजणी म्हणतील. संबंध आहे, आणि तो थेट गटाच्या कर्जवहीपर्यंत पोचला आहे. म्हणून हा पाठ बैठकीत कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याही हातात आता मोबाईल आहे.

आपल्या प्रत्येक गावात गाणाऱ्या बाया आहेत. कुणी भजनी मंडळात आहे, कुणाला जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत, कुणाचं भारूड ऐकायला शेजारच्या गावची माणसं येतात. आता घरातली पोरं हे मोबाईलवर रेकॉर्ड करून यूट्यूबला, इन्स्टाग्रामला टाकतात. हे चांगलंच आहे. पण गाणं टाकलं की ऐकणारे येतात, तसे फसवणारेही येतात.

एका मावशींची गोष्ट

आपल्याच एका गटातल्या मावशी आहेत. त्या मला म्हणाल्या, "नाव नको घालू, पण गोष्ट घाल. दुसरीचं तरी वाचंल." म्हणून लिहिते.

मावशींचा आवाज असा की झिम्मा सुरू झाला की गल्ली गोळा होते. गौरीच्या सणात त्यांच्या पुतण्यानं एक गाणं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं. चाळीसेक हजार लोकांनी ते पाहिलं. मावशींना भरून आलं. आयुष्यभर चुलीपुढं आणि रानात गायलेलं गाणं एवढ्या लोकांनी ऐकलं, ही लहान गोष्ट नाही.

पंधरा दिवसांनी व्हॉट्सॲपवर मेसेज आला. "आम्ही म्युझिक प्रमोशन कंपनी. तुमचा आवाज फार गोड आहे. तुम्हाला मोठं करायचं आहे. फक्त ४९९ रुपयांत सुरुवात करा." मावशींनी ४९९ पाठवले. एका रात्रीत व्ह्यूज दोन हजारांनी वाढले. मावशींना वाटलं, माणसं खरी आहेत.

मग फोन सुरू झाले. आवाज मुलीचा, बोलणं गोड, "आई" म्हणायची. "आई, तुमचं गाणं मोठ्या प्लेलिस्टमध्ये घालतो, नावापुढं निळी टिक आणतो, ३,५०० भरा." मावशींनी भरले. मग एक कागद आला, वर शिक्का, खाली सही. "रेकॉर्ड कंपनीचा करार झाला. ७,५०० रुपये डिपॉझिट भरा, पहिल्या कमाईबरोबर परत मिळेल."

एवढे पैसे घरात नव्हते. मावशींनी गटातून १०,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज घेतलं. कारण लिहिलं, "शेळी खरेदी".

एकूण ११,४९९ रुपये गेले. आठवड्याभरात वाढलेले व्ह्यूज उतरले. मावशींनी विचारलं तर तीच मुलगी म्हणाली, "तुमच्या गाण्यावर कॉपीराइटची केस झाली आहे. ५,००० भरा, नाहीतर पोलीस येतील." तेव्हा मावशी घाबरल्या. आठ दिवस कुणाला बोलल्या नाहीत. जेवण कमी झालं. शेवटी बैठकीत हप्त्याची वेळ आली आणि त्या रडायलाच लागल्या.

यात माझाही वाटा आहे, तो लपवत नाही. मोबाईलच्या प्रशिक्षणात व्हिडिओ कसा टाकायचा हे मीच शिकवलं होतं. टाकल्यावर दार कोण कोण वाजवतं, हे शिकवलं नव्हतं. तो राहिलेला धडा आज पूर्ण करते.

फसवणूक चालते कशी?

मावशी भोळ्या म्हणून फसल्या, असं कुणी म्हणू नका. शहरातले शिकलेले गायक, वादक, रॅप करणारी पोरंही अशीच फसतात. परदेशातही हेच चालतं. रीत ठरलेली आहे, ती नीट समजून घ्या.

पहिली पायरी, कौतुक. नवीन कलाकार कौतुकाला आसुसलेला असतो, हे त्यांना माहीत असतं. एकच मेसेज ते शेकडो लोकांना पाठवतात. तुमचं गाणं त्यांनी ऐकलेलंही नसतं. खात्री करायची असेल तर विचारा, "माझ्या गाण्यातली कुठली ओळ आवडली?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

दुसरी पायरी, छोटी रक्कम आणि दिसणारा फायदा. ४९९ रुपयांत जे व्ह्यूज वाढले, ती माणसं नव्हती. संगणकाचे प्रोग्राम असतात, त्यांना बॉट म्हणतात. ते आपोआप गाणं लावतात आणि बंद करतात. ऐकणारा कान कुठंच नसतो. २०२४ मध्ये अमेरिकेत एका माणसावर गुन्हा दाखल झाला. अशाच बॉटकडून गाणी पुन्हा पुन्हा वाजवून त्यानं १ कोटी डॉलरपेक्षा जास्त पैसे उकळले, असा आरोप होता. म्हणजे हा धंदा किती मोठा आहे बघा.

विकत घेतलेल्या व्ह्यूजचा आपल्याला उपयोग नाही, उलट तोटा आहे. यूट्यूबच्या नियमात खोटे व्ह्यूज, खोटे सबस्क्रायबर चालत नाहीत. सापडले की आकडा कमी करतात, व्हिडिओ काढतात, चॅनलसुद्धा बंद होऊ शकतं. स्पॉटिफाय नावाच्या गाण्याच्या ॲपवर २०२४ पासून गाण्याचे पैसे मिळायला वर्षभरात ते किमान १,००० वेळा वाजावं लागतं, आणि बॉटनी वाजवलेलं त्यात धरत नाहीत. म्हणजे पैसे देऊन आपणच आपल्या गाण्याच्या पायावर धोंडा पाडून घेतो.

तिसरी पायरी, मोठी रक्कम. एकदा पैसे दिले की मन म्हणतं, "एवढे घातलेत, आता थोड्यासाठी कशाला सोडायचं?" डिपॉझिट, जीएसटी, नोंदणी फी, फाईल चार्ज, नाव काहीही असतं. "परत मिळेल" हा शब्द मात्र नक्की असतो.

चौथी पायरी, धाक. कॉपीराइट, पोलीस, कोर्ट. हे ऐकून बाई गप्प बसते, आणि त्यांना तेच हवं असतं.

खरं काय आहे?

आता आकडे सांगते. वहीत लिहून घ्या.

यूट्यूबवर गाणं टाकायला एक रुपयाही लागत नाही. जाहिरातीतून कमाई सुरू व्हायला चॅनलला १,००० सबस्क्रायबर लागतात आणि मागच्या १२ महिन्यांत लोकांनी ४,००० तास व्हिडिओ पाहिलेले असावे लागतात. किंवा ९० दिवसांत छोट्या शॉर्ट्स व्हिडिओंना १ कोटी व्ह्यूज. हे पूर्ण झालं की अर्ज आपण आपल्याच चॅनलमधून करायचा. त्यालाही फी नाही.

यूट्यूबची टिक १,००,००० सबस्क्रायबर झाल्यावर मागता येते, तीही फुकट. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर दरमहा पैसे भरून निळी टिक मिळते, पण ती ॲपमध्ये जाऊन आपण स्वतः घ्यायची असते. तिसरा माणूस ती आणून देऊ शकत नाही.

गाण्याची जाहिरात करायची सोय खरंच असते. ते पैसे थेट यूट्यूबला, आपल्याच खात्यातून जातात, कुणाच्या फोन नंबरवर नाही. आणि जाहिरातीतून पाहिलेले तास त्या ४,००० तासांत धरत नाहीत. तेव्हा त्याचीही घाई नको.

कॉपीराइटची तक्रार खरी असेल तर ती आपल्या चॅनलच्या यूट्यूब स्टुडिओत दिसते. व्हॉट्सॲपवर फोन करून कुणी दंड मागत नाही. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर अटक करायची पद्धत आपल्या कायद्यात नाहीच. आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जात्यावरची ओवी कुणा एकाच्या मालकीची नसते. ती गायली म्हणून कोण केस करणार? मात्र सिनेमाचं गाणं किंवा दुसऱ्याचं संगीत उचलून वापरलं तर तक्रार येऊ शकते, हे लक्षात ठेवा.

खऱ्या कराराचं एक साधं तत्त्व आहे. कंपनीला आपलं गाणं हवं असेल तर कंपनी आपल्याला पैसे देते. ज्याला आपली शेळी विकत घ्यायची आहे, तो आपल्याकडूनच पैसे मागेल का?

पैसे पाठवायच्या आधी चार गोष्टी

१. यूपीआयवर पैसे पाठवताना समोरच्याचं नाव येतं, ते वाचा. "कंपनी" म्हणतात आणि नाव कुणा एका माणसाचं येतं, तर थांबा.

२. "आजच भरा, उद्या ऑफर बंद" असं म्हणाले, तर आज भरायचंच नाही. खरं काम उद्याही असतं.

३. ओटीपी, पासवर्ड आणि यूपीआयचा पिन कुणालाही सांगायचा नाही. पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही.

४. पैसे देण्याआधी गटातल्या एकीला तरी सांगा. बोलून दाखवलं की निम्मी फसवणूक तिथंच उघडी पडते. "कुणाला सांगू नका" असं समोरचा म्हणाला, तर दोघींना सांगा.

फसलात तर काय करायचं?

पहिलं काम, १९३० या नंबरवर फोन. हा सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. जितक्या लवकर फोन कराल, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. पहिले काही तास फार मोलाचे असतात. सोबत आपल्या बँकेलाही कळवा.

दुसरं, मेसेज डिलीट करू नका. रागानं किंवा लाजेनं आपण पहिल्यांदा तेच करतो. स्क्रीनशॉट काढा, समोरचा नंबर, तारीख, रक्कम आणि पैसे पाठवल्याचा १२ आकडी यूटीआर नंबर लिहून ठेवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर तक्रार करता येते, पोलीस ठाण्यातही करता येते.

तिसरं, पासवर्ड दिला असेल तर लगेच बदला.

चौथं, काही दिवसांनी कुणी फोन करून "तुमचे गेलेले पैसे काढून देतो, थोडी फी भरा" म्हणेल. तोही त्यातलाच असतो.

मावशींनी तक्रार केली तेव्हा तीन आठवडे उलटून गेले होते. तक्रार नोंदवली गेली, पण हे लिहीपर्यंत पैसे परत आलेले नाहीत. पहिल्याच दिवशी बोलल्या असत्या तर काही आशा होती. त्यांना बोलू दिलं नाही ते लाजेनं.

गटानं काय केलं?

बैठकीत दोन बाजू पडल्या. काहीजणी म्हणाल्या, "खोटं कारण लिहून कर्ज घेतलं, आता दंडासकट भरू दे." त्यांचं चूक नव्हतं. पैसे सगळ्यांच्या घामाचे आहेत आणि कर्जाचं कारण खरं लिहायचं हा आपला नियम आहे. मग एक म्हातारी सदस्य म्हणाली, "खरं कारण लिहिलं असतं तर आपण दिलं असतं का? हसलोच असतो की."

सगळ्या गप्प झाल्या. मीही.

शेवटी ठरलं ते असं. कर्ज पूर्ण फेडायचं, माफी नाही. दरमहा १,००० रुपयांचा हप्ता होता, तो ५०० केला, मुदत वाढवली. वहीत कारण दुरुस्त करून खरं लिहिलं. आणि ठराव झाला की मोबाईलवरून कुणालाही ५०० रुपयांपेक्षा जास्त फी भरायची असेल, तर आधी बैठकीत किंवा अध्यक्ष, सचिवांशी बोलायचं. आपापल्या गटातही असा ठराव घेता आला तर बघा.

बैठकीत करून पाहा

एकीनं खालचे मेसेज वाचावेत. बाकीच्यांनी खरं की खोटं ते सांगावं, आणि का तेही.

१. "अभिनंदन! आमच्या कंपनीनं तुमचं गाणं निवडलं. करारासाठी २,००० रुपये नोंदणी फी."

२. "जत्रेच्या कार्यक्रमाचे ५०० रुपये आगाऊ पाठवतोय. हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका."

३. पोस्टानं गुगलचं पाकीट आलं, आत सहा आकडी पिन आहे.

४. "तुमचं चॅनल २४ तासांत बंद होणार. वाचवायला या लिंकवर पासवर्ड टाका."

उत्तरं: पहिला, दुसरा आणि चौथा खोटा. तिसरं खरं असू शकतं. यूट्यूबची कमाई १० डॉलरपर्यंत पोचली की पत्ता तपासायला गुगल असं पाकीट पाठवतं. ते फुकट असतं. तो पिन फक्त आपल्याच खात्यात टाकायचा, फोनवर कुणाला सांगायचा नाही.

जाता जाता एक सांगते. या प्रकारानंतर मावशींनी गाणं बंद केलं होतं. मागच्या बैठकीत हप्ता भरून झाल्यावर बायांनी त्यांना उठू दिलं नाही. "एक म्हणल्याशिवाय घरी जायचं नाही," म्हणाल्या. मावशींनी म्हटलं. पुतण्यानं रेकॉर्ड करून चॅनलवर टाकलंय. परवा पाहिलं तेव्हा २१३ जणांनी ऐकलं होतं. मावशींनी मला आकडा विचारला आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला, "खरी माणसं हायत ना गं?"

हो मावशी, खरी आहेत. त्यातली एक मी आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक