सरकी : अन्न की विष?

आम्ही कापडवाले कापसात फक्त सूत पाहतो. पण एक किलो रुईमागे दीड किलोहून अधिक सरकी निघते आणि तिच्यात पाचव्या हिश्श्याहून जास्त प्रथिने असतात. माणूस ती खात नाही, कारण तिच्यात गॉसिपॉल हे विष असते. रवंथ करणारी गुरे ते बऱ्याच अंशी पचवतात.

अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे डॉ. कीर्ती राठोर यांनी हे विष बनवणारे जनुक फक्त सरकीत दाबले. पानांत विष ठेवले, कारण तेच झाडाला किडींपासून वाचवते. तेथे २०१८ साली लागवडीस, २०१९ साली खाण्यास मंजुरी मिळाली.

आपल्या बाजारातली सरकी तशी नाही. रिफाइंड तेल चालते. दाणा किंवा पेंड माणसाने खाऊ नये. नेमत ओळखायलाही इल्म लागतो.