एकच स्फुरद, तीन संयुगे

डीएपी खताचे पोते, धान्य साठवणुकीतील ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी आणि क्लोरपायरिफॉससारख्या ऑर्गेनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकाची बाटली, या तिन्हींत स्फुरद (फॉस्फरस) हे मूलद्रव्य असते. तरीही पहिले पिकाचे पोषण करते, दुसऱ्यातून प्राणघातक वायू निघतो आणि तिसरे किडीच्या मज्जासंस्थेवर आघात करते. स्फुरद कोणत्या मूलद्रव्याशी व कशा रीतीने जोडले गेले आहे, यावर संयुगाचे गुणधर्म ठरतात.

बंध कसा जुळतो?
स्फुरदाच्या अणूच्या बाह्यतम कक्षेत ५ इलेक्ट्रॉन असतात. ८ ही स्थिर संख्या गाठण्यास ३ कमी पडतात. ॲल्युमिनियमच्या बाह्यतम कक्षेत ३ इलेक्ट्रॉन असल्याने या दोहोंचा संयोग एकास एक या प्रमाणात होतो आणि ॲल्युमिनियम फॉस्फाइड तयार होते. हायड्रोजनचे ३ अणू प्रत्येकी एका इलेक्ट्रॉनची भागीदारी करतात, तेव्हा फॉस्फीन वायू बनतो. खतातील फॉस्फेटमध्ये मात्र स्फुरदाभोवती ऑक्सिजनचे ४ अणू असतात. शुद्ध पांढरा फॉस्फरस हवेत आपोआप पेट घेतो. फॉस्फेट पेटत नाही, कारण त्यातील स्फुरदाचा ऑक्सिजनशी संयोग आधीच पूर्ण झालेला असतो.

गोळीतून वायू
हवेतील ओलावा मिळताच फॉस्फाइडचा बंध तुटतो. स्फुरद पाण्यातील हायड्रोजन घेऊन फॉस्फीन बनतो आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची भुकटी मागे राहते. ३ ग्रॅमच्या गोळीतून सुमारे १ ग्रॅम फॉस्फीन मुक्त होतो. हा वायू पेशींचे श्वसन रोखतो. त्यामुळे तो धान्यातील सोंडे मारतो, तसाच माणसालाही मारतो. शुद्ध फॉस्फीनला वास नसतो. लसणासारखा किंवा कुजलेल्या मासळीसारखा येणारा वास त्यातील अशुद्ध घटकांचा असतो. म्हणून वास येत नाही यावरून जागा सुरक्षित मानू नये.

विषबाधेत संयुगाचे नाव महत्त्वाचे
ऑर्गेनोफॉस्फरस कीटकनाशक ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराशी बंध जुळवून त्याचे कार्य थांबवते. या विषबाधेवर ॲट्रोपीन व प्रॅलिडॉक्सिम ही औषधे उपलब्ध आहेत. फॉस्फीनवर असा विशिष्ट उतारा नाही. त्यामुळे 'स्फुरदाचे औषध होते' एवढ्या माहितीवर डॉक्टरांना उपचाराची दिशा ठरवता येत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील बाबी शेतकऱ्यांच्या मनावर बिंबवाव्यात :

• ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा वापर शासकीय यंत्रणा व अधिकृत कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावा. राहत्या घरातील कणगीत वा कोठीत गोळी ठेवू नये.
• सांडलेल्या गोळ्यांवर पाणी टाकू नये. वायू अधिक वेगाने निघतो.
• विषबाधा झाल्यास रुग्णाला तत्काळ मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे. सोबत वेष्टन किंवा लेबल न्यावे आणि त्यावरील संयुगाचे नाव डॉक्टरांना दाखवावे.