शांता आपटे

आज चित्रपटात नटी ओठ हलविते आणि गाते निराळीच गायिका. बोलपटांच्या आरंभीच्या काळी असे नव्हते. जिची भूमिका, तिचेच गाणे. शांता आपटे या अशा गायिका-अभिनेत्री होत. सोलापूरकडील दुधनी येथे १९१६ साली त्यांचा जन्म झाला. १९३२ साली ‘श्यामसुंदर’मधून त्या पडद्यावर आल्या आणि १९३४ च्या प्रभात कंपनीच्या ‘अमृतमंथन’ने त्यांचे नाव दूरवर गेले.

१९३७ चा ‘कुंकू’ मात्र निराळाच. वृद्ध वकिलाशी लावून दिलेले लग्न न मानणारी नीरा त्यांनी त्यात उभी केली. नीरा केवळ रडत बसत नाही. ती ठामपणे नकार देते. लाँगफेलो या अमेरिकन कवीची कविताही त्या यात इंग्रजीतच गायल्या. मराठी मुलीच्या गळ्यातून परभाषेतील ते गीत ऐकून प्रेक्षक चकित झाले असतील, यात नवल नाही.

नीरेचे धैर्य पडद्यापुरते नव्हते. १९३९ साली कंपनीशी वाद झाला, तेव्हा शांताबाई पुण्यास तिच्या फाटकाशी उपोषणास बसल्या. पुढल्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक लिहिले. १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’त त्या नायिका झाल्या, नारदाची भूमिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांची होती. १९६४ साली शांताबाईंचे निधन झाले.